डोक्यावर उभं केलेलं अंजीर
अंजिराच्या चिकाचा हिरवा वास आला की चिंचवडची माझी भाड्याची खोली आठवते. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते तेव्हा आई गेली, गावचं घर विकलं आणि नोकरीसाठी मी एकटाच इथे आलो. येताना तिच्या म्हाताऱ्या अंजिराच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि मोठ्या ऐटीत खोलीमागे लावल्या. महिना झाला तरी एकही फुटेना. घरमालकीण पाहून खो खो हसली, "काय वो पाव्हणं, समद्या डोक्यावर उभ्या केल्यात की!" शेंड्याकडून मातीत खोचल्याने साऱ्या वाळल्या होत्या. उरलेली एक काडी मात्र मी कपड्यांची दोरी बांधायला खुंटी म्हणून मातीत खोचली होती. ती नेमकी सुलट होती आणि तिला पान आलं होतं. "आई, अंजीर फुटलं!" म्हणत मी धावत आत गेलो आणि रिकाम्या खोलीत तसाच उभा राहिलो. अजूनही हंगामातलं पहिलं अंजीर पिकलं की मी तीच चूक करतो.