गाठीतला डावा बूट

ती घटना आठवली की आजही माझा डावा पाय आपोआप खुर्चीखाली सरकतो. घरची मंडळी हसतात, कारण त्यांना सगळे ठाऊक आहे.

साठ सालाच्या आगेमागे मी वणीला ठाणेदार होतो. एका सकाळी कापूस प्रेसचा मॅनेजर तक्रार घेऊन आला. त्यांच्या प्रेसमध्ये बांधलेली रुईची गाठ मुंबईहून जहाजाने परदेशी गिरणीत गेली. तिथे फोडली तर आत बूट! त्याच्या खिळ्यांनी यंत्राचे दात मोडले. गिरणीने जहाज कंपनीला धरले, कंपनीने हात वर केले. कंपनीच्या उत्तराची नक्कल मॅनेजरच्या हातात होती, त्यात लिहिले होते: समुद्रावरून माल नेण्याचे नियम अनेक देशांनी मिळून ठरवलेले आहेत. कप्तानाने पावती दिली ती ‘वरून दिसायला चांगल्या स्थितीत’ एवढीच. बांधलेल्या गाठीच्या आत काय होते, याला जहाज जबाबदार नाही.

“मग जबाबदार कोण?”

“गाडीवान,” मॅनेजर म्हणाला. “रेल्वे स्टेशनापर्यंत गाठी त्यानंच नेल्या. रस्त्यात रुई काढली अन् वजनाला बूट कोंबला.”

त्यात खबऱ्याने सांगितले, गाडीवानाच्या घरी नवी गादी दिसते. मला तेवढे पुरले. म्हाताऱ्या बंजारा गाडीवानाला आणवले, गाडी-बैल ठाण्याच्या आवारात बांधले. हंगाम ऐन भरात होता. चोरीचा बट्टा लागला असता तर त्याच्या गाडीत पुन्हा कोणी गाठ टाकली नसती.

“गाठ काहून फोडली?” मी टेबलावर काठी आपटली.

“सायेब, आमच्या आज्या-पणज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. बांधलेलं घेतलं, बांधलेलं देल्लं. आत काय हाय, थे बांधणाऱ्याले इचारा.”

“अरे, हेच तर जहाजाचा कप्तान म्हणतो!”

“मंग त्याचे बैल कुठी बांधले तुमी?”

हवालदाराला अचानक खोकला आला. मी त्याला गादीचा पंचनामा करायला पिटाळले. गादीत सावरीच्या झाडाचा कापूस निघाला, प्रेसची रुई नव्हे.

“सायेब,” गाडीवान म्हणाला, “तुमीच एक गाठ सोडा, अन् मंग बांधून दाखवा.”

प्रेसमध्ये जाऊन पंचांसमक्ष एका गाठीच्या लोखंडी पट्ट्या कापल्या. रुई अशी फुगली की दोन शिपाई वर बसले तरी पट्ट्यांची टोके जुळेनात. यंत्राच्या दाबाशिवाय गाठ पुन्हा बांधता येत नाही, हे प्रेसमधल्या प्रत्येकाला माहीत होते. मला नव्हते. म्हणजे बूट गाठ दाबण्याआधीच आत गेलेला.

“खिळ्यांचे बूट घालून इथं कोण येतं?” मी गरजलो.

“कोणीच नाई,” फाटकावरचा पहारेकरी म्हणाला. “ठिणगी पडंन म्हणून सारे फाटकाबाहेर काढतेत.” मग खाली बघत पुढे म्हणाला, “मागच्या हंगामात तुमीच नाई काढले, सायेब. मले म्हणे, ठाणेदाराले नियम शिकवतं का?”

मला तो दिवस आठवला. त्या दिवशी बंदोबस्ताला आलो होतो. दुपारी रुईच्या ढिगाला टेकलो, बूट काढले, डोळा लागला. उठलो तर अर्धा ढीग दाबायला गेलेला आणि डावा बूट गायब. स्टेशन डायरीत मीच नोंद केली होती: ‘बूट कुत्र्याने नेला.’

गिरणीने जहाज कंपनीकडे परत पाठवलेला बूट आठ दिवसांनी मुंबईहून मुद्देमाल म्हणून आला. टाचेला सायकलच्या टायरचा तुकडा होता. तसाच तुकडा घरी उजव्या बुटाला होता. जोडीदार सापडेल म्हणून बायकोने तो ठेवून दिला होता. तिचा अंदाज माझ्या तपासापेक्षा बरा निघाला.

पण गाडीवानाला मी मुद्देमालाची वाट न पाहता प्रेसमधून परतल्यावर लगेच सोडले होते. मग हवालदाराला माझा स्वतःचा जबाब लिहून घ्यायला बसवले. त्याने विचारले, “साहेब, तुमच्या नावापुढे काय लिहू? साक्षीदार का आरोपी?”

गाडी-बैल परत केल्याच्या पावतीवर ‘चांगल्या स्थितीत मिळाले’ असे लिहून मी अंगठा मागितला. गाडीवानाने बैलांभोवती एक चक्कर मारली. खूर पाहिले, दात पाहिले.

“सायेब, ‘वरून दिसायला’ थे बी लिवा.”

मी लिहिले.

पुढे नोकरीभर एक सवय ठेवली. कोणाचे बैल बांधण्याआधी डायरीतल्या माझ्याच जुन्या नोंदी काढून वाचायचो. गाडीवानाची मी तिथेच, हवालदारासमोर माफी मागितली. कुत्र्याची तेवढी राहून गेली.