नानांची डिझेल, विलासची पेट्रोल

एरंडोलच्या स्टँडवर नाना गाडी घेऊन आम्हाला न्यायला आलेले दिसले आणि माझं डोकंच सटकलं.

गाडी चकाचक धुतलेली. इंजिन चालू. आत एसी लावून ठेवलेला, पाहुण्यांना ऊन लागायला नको म्हणून. आणि आम्ही नेमकी तीच गाडी तपासायला आलो होतो!

"नाना, मी फोनवर काय बोललो होतो? मी येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही."

"बोलला होता ना भाऊ. पण पाहुण्यांना स्टँडवरून पायी न्यायचं का? गाव काय म्हणेल मला?"

शेवटी बसलो मागच्या सीटवर.

मी अन्वर. धुळ्यात एका सर्व्हिस सेंटरला सुपरवायझर होतो, तिथूनच रिटायर झालो. आता सेकंडहँड गाडी घेणाऱ्यांना गाडी बघून देतो. घेणारा मला फी देतो, आणि जे दिसेल ते मी विकणाऱ्याच्या तोंडावर सांगतो. त्यामुळे एजंट लोक मला लांबूनच सलाम करतात.

सोबत मनीषाताई होती. धुळ्यातच देवपूरला राहते, शाळेत शिकवते. तिला कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर हवी होती. म्हणजे चालवायला कारसारखी, पण कारपेक्षा उंच. धड कार नाही, धड जीप नाही. तिने सांगितलं होतं की शाळा आहे आणि माहेरी पाचोऱ्याला जाणं-येणं आहे. शाळेतला सगळा स्टाफ म्हणाला डिझेल घ्या, म्हणून तिने नानांची डिझेल शोधून काढली होती.

आता इंजिन गरम असलं तर माझं काय बिघडतं? सांगतो. गाडीचा खरा स्वभाव थंड इंजिनात कळतो. रात्रभर उभी असलेली गाडी पहिल्यांदा सुरू करताना खडखडते का, धूर कोणत्या रंगाचा येतो, स्टार्टर दमतो का, हे एकदा इंजिन तापलं की सगळं झाकलं जातं. गरम इंजिन लग्नात आलेल्या पाहुण्यासारखं असतं, सगळ्यांशी गोडच बोलतं.

"इंजिन गार होऊ द्या. तोवर मी बाकीचं बघतो," मी म्हणालो.

"मग तर जेवूनच होईल," नाना खूश झाले. "घाई कसली शे?"

बाकीचं सगळं चांगलं निघालं. दरवाजांचे रबर मूळचे, बोनेटच्या नटांना पाना लागलेला नाही, म्हणजे गाडी कुठे ठोकलेली नाही, टायर सगळीकडे सारखे झिजलेले. नाना रिटायर्ड इंजिनीअर, गाडी लेकरासारखी ठेवलेली. मुलगी सुरतेला दिलेली, त्यामुळे गाडी सारखी सुरतेच्या हायवेवर. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी लांबचं ड्रायव्हिंग बंद केलं, म्हणून विकायची होती.

जेवायला नानांच्या बायकोने, अक्कांनी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि शेवभाजी केली होती. रस्सा असा की कानातून वाफा. मनीषाताई नुसती भाकरी कुस्करत बसलेली. अक्कांनी पाहिलं.

"कोणासाठी घेतेस गं गाडी, बाई?"

आणि मग ते बाहेर आलं, जे मला फोनवर सांगितलंच नव्हतं.

तिच्या वडिलांना, आबांना, पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तिने त्यांना पाचोऱ्याहून देवपूरला आपल्याकडे आणलं. फिजिओथेरपी नदीपलीकडे, जुन्या धुळ्यात. डॉक्टर म्हणाले, रोज व्यायाम केला तर पुन्हा चालतील, पण आत्ताच केला पाहिजे. पाय एकदा आखडला की मग अवघड. पहिले काही दिवस रिक्षातून नेलं. एकदा वळणावर आबा सीटवरून घसरले, भर चौकात, लोकांच्या पायांपाशी. तेव्हापासून घरातून निघायलाच तयार नाहीत.

"मला म्हणतात, पोतं समजून न्यायचं असेल तर ने," ती म्हणाली. "शेजाऱ्यांची कार मागून पाहिली. ती इतकी खाली की त्यांना वाकवून बसवावं लागतं, ते ओरडतात. मला उंच सीटची पाहिजे, अन्वरभाई. लवकर पाहिजे. गाडी एकदाच घेणार मी, चुकली तर दुसरी घ्यायची ऐपत नाही."

माझा घास हातातच राहिला.

"ताई, म्हणजे रोजचं जाणं किती? पांझरेचा पूल ओलांडला की आलंच ना?"

"हो. आणि शाळा तर घरामागेच. पाचोऱ्याचं मी फोनवर सवयीने बोलले, तिकडे आता कोण जातंय? आबाच इकडे आले."

आता यात माझी गोची काय, ते समजून घ्या. नव्या नियमांच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या लाइनमध्ये एक फिल्टर असतो. धुरातली काजळी तो धरून ठेवतो. ही काजळी जाळायला धूर चांगला तापावा लागतो, आणि तो तापतो हायवेवर, एका लयीत बराच वेळ गाडी पळाली की. घर ते पूल, पूल ते दवाखाना, असं रोज चालवलं तर फिल्टर हळूहळू तुंबतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग गाडी ओढायची बंद होते, मग वर्कशॉप. नानांचा फिल्टर साफ होता तो सुरतेच्या कृपेने.

दुपार कलल्यावर बोनेटवर हात ठेवला. गार. चावी फिरवली आणि पहिल्या झटक्यात इंजिन असं लागलं की माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. ना धूर, ना खडखड.

"बठ्ठं, सगळंच जागेवर शे का नाही?" नानांनी मिशीवर हात फिरवला.

"नाना, गाडी एक नंबर आहे," मी म्हणालो. "पण ताई, ही तुम्ही घ्यायची नाही."

नानांचा चेहरा पडला.

"माझ्या घरी जेवून माझ्याच गाडीला नाव ठेवता?"

"गाडीला नाही ठेवत हो नाव! गाडी सोनं आहे. पण हिला रोज पूल ओलांडायचाय आणि या गाडीला रोज सुरत पाहिजे."

मनीषाताईने तोंड फिरवलं. पदराने डोळे पुसले असतील, मी बघितलं नाही. "मग मी आता काय करू, अन्वरभाई? इतक्या दिवसांत ही एकच धड मिळाली होती."

मला खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून खोटं बोलायचं असतं तर मी एजंटच झालो असतो. मी बोटांवर मोजून दाखवलं. सीएनजी स्वस्त पडते, पण तिचा सिलिंडर डिकीत बसतो. मग आबांची व्हीलचेअर काय टपावर बांधणार? टर्बो पेट्रोलमध्ये इंजिनात हवा कोंबणारी छोटी चक्की असते. पळते झकास, पण आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसेल तर तो खर्च तुमच्या गळ्यात. तुम्हाला हवं साधं पेट्रोल. इंधन जरा जास्त पिईल, पण थोडंसंच फिरायचं असेल तर त्याची काय ती झळ बसणार?

बोलता बोलता माझं लक्ष शेजारच्या अंगणात गेलं. लिंबाखाली नानांच्याच गाडीची बहीण उभी. तेच मॉडेल.

"ती कोणाची?"

"विलासची. माझा पुतण्या. बियाण्यांच्या कंपनीत शे, अख्खा जिल्हा फिरतो. पेट्रोल घेऊन बसला आणि आता रोज रडतो."

"अहो नाना! मग तुमची डिझेल त्याला का नाही विकली?"

नाना माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी वेड्यासारखं बोललो. "घरात गाडी विकायची? उद्या काही बिघडलं तर म्हणेल, काकाने गळ्यात मारली. बोलणं बंद होईल. भाऊबंदात असला व्यवहार करत नाही आम्ही."

आमच्या खान्देशात हे मी हजारदा पाहिलंय. चांगली गाडी परक्याला देतील, पण पुतण्याला देणार नाहीत, माया आहे म्हणून!

"बोलवा विलासला," मी म्हणालो.

तो बनियनवरच आला. रविवार होता, त्याची गाडी आदल्या संध्याकाळपासून हललेली नव्हती. मी चावी लावली. थंड इंजिन, मऊ आवाज, साधं पेट्रोल. किलोमीटर भरपूर झालेले, त्यावर मनीषाताईचा चेहरा कसानुसा झाला. मी तिला सांगितलं की हायवेवर पळालेले, वेळेवर ऑइल बदललेले किलोमीटर इंजिनाला फारसे लागत नाहीत. एक चक्कर मारून आलो. खड्ड्यातून पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक आली. सस्पेन्शनचा धक्के झेलणारा रबरी बुश गेला होता.

मग दोन्ही घरांना अंगणात उभं केलं.

"नीट ऐका. नानांची गाडी विलासने घ्यावी, विलासची ताईने. दोन्ही गाड्यांचे गुण-दोष मी सगळ्यांसमोर बोलतोय. विलास, बुश तू बदलून द्यायचा. आणि उद्या काही निघालं तर नानांना एक शब्द बोलायचा नाही. शिव्या खायला मी आहे, धुळ्याला ये आणि दे."

विलास काकांकडे बघून हसला. "मी वर्षभर मनात म्हणत होतो काका, तुम्ही विचाराल म्हणून."

"मग तोंडाने बोलायला काय झालं होतं?" अक्का आतून ओरडल्या.

भाव ठरवायला चहा संपायचीसुद्धा वाट पाहावी लागली नाही. कोण्या परक्याने मध्ये उभं राहावं एवढंच दोघांना हवं होतं. आठवड्यातच बुश बदलून गाडी देवपूरला आली.

हिवाळ्याच्या शेवटी मनीषाताईचा फोन आला. "अन्वरभाई, जरा घरी येता का?" बाकी काही बोलेना. म्हटलं झालं, काहीतरी निघालं. शिव्या खायची तयारी करून, टॉर्च आणि पाने घेऊन गेलो. बेल वाजवली. आत बराच वेळ काठीचा आवाज, ठक, ठक. मला वाटलं, उशीर लावतायत म्हणजे चांगलंच काहीतरी तुटलंय.

दार आबांनी उघडलं. एकटे. एका हातात काठी, दुसरा, तो गेलेला उजवा हात, कडीवर थरथरत. मागे मनीषाताई, तोंडावर हात ठेवून उभी.

"या... भाऊ," आबा म्हणाले. जीभ जड होती, पण शब्द स्वच्छ. रोज त्या उंच सीटवर बसून पूल ओलांडल्याचं हे फळ.

मी तिथेच उंबऱ्यापाशी रडलो. म्हातारपणी डोळ्यांचे बुशही जातात बहुतेक.

आताही लोक फोन करतात: "अन्वरभाई, पेट्रोल घेऊ की डिझेल?" मी विचारतो, रोज कुठे जायचंय आणि सोबत कोण बसणार आहे? काहीजण चिडून फोन ठेवतात. जे सांगतात, त्यांना मी सोबत घेऊन गाडी बघायला जातो.