तीस हजार सेकंद

हॅलोकाकांना हे नाव ऑफिसनं दिलं आणि घरानं कौतुकानं उचललं. फोनवर समोरचं माणूस श्वास घ्यायला थांबलं, की यांचं सुरू, "हॅलो? आहेस ना? ऐकतेस ना?" बहिणीनं एकदा वैतागून सुनावलं, "अरे दादा, विचार करतेय! मेले नाहीये अजून!" पण त्यांचा तरी काय दोष? पंचवीस वर्षं याच चौकशीवर त्यांचं पोट चाललं होतं.

त्यांची कंपनी तीनशे इमारतींची एकेक लिफ्ट सांभाळायची. प्रत्येक लिफ्टला एक पेटी, पेटीची नेटवर्कवरून कंट्रोल रूमशी जोडणी, आणि तिथल्या भिंतीवर लिफ्टमागे एक दिवा. जोडणी चालू असली की हिरवा, तुटली की लाल. आत अडकलेल्या माणसानं घंटा दाबली की कंट्रोल रूममध्ये घंटा. या जोडणीचा प्रोग्राम काकांचा. जोडणीचं जे टोक प्रोग्राम हातात धरून बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. काकूंना मात्र लग्नानंतर कित्येक वर्षं वाटायचं, नवरा भिंतीत प्लग बसवायला जातो. "जगाची सॉकेटं नीट करतात, आमचं मिक्सरचं लटकतंय त्याचं काही नाही!"

आता या सॉकेटची एक खोड आहे. पलीकडची पेटी रीतसर निरोप घेऊन गेली तर त्याला कळतं. पण कुणी मध्येच प्लग उपटला, तर हे भोळं बापडं समजतं, पलीकडचा गप्प बसलाय. म्हणून त्याला ऑप्शन लावून द्यावा लागतो, की बाबा रे, इतका वेळ शांतता झाली की विचार, आहेस का? चार महिन्यांपूर्वी नवा प्रोग्राम बसवताना काकांनी तो लावला. तीस सेकंद.

मग एका सोमवारी एका इमारतीत रंगाऱ्यानं शिडी लावायला सकाळी दहाला पेटीचा प्लग काढला. दुपारी लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली आणि आत एक निवृत्त मुख्याध्यापिका. पावणेदोन तास बाई घंटा दाबत होत्या. शेवटी पिशवीतल्या छत्रीनं दार बडवलं तेव्हा वॉचमनला ऐकू गेलं. बाहेर आल्या त्या धडधाकट, पण अशा संतापलेल्या की रंगारी शिडीवरून उतरेना. प्लगचं तर त्यानं कुणाला सांगितलंच नाही.

बालंट आलं दिवेवालीवर. ती कंट्रोल रूमची ऑपरेटर, अकरा वर्षं भिंतीसमोर बसणारी. साहेबांचा हिशोब सरळ होता. दिवा हिरवा म्हणजे जोडणी चालू, जोडणी चालू म्हणजे घंटा वाजली, वाजली म्हणजे दिवेवालीनं झोपेत बंद केली.

"साहेब, वाजलीच नाही हो."

"मग दिवा खोटं बोलतो का?"

साहेब तिला चौकशी होईपर्यंत घरी बसा म्हणाले. शुक्रवारी निकाल. तिनं डबा उचलला आणि कुणाकडे न बघता निघून गेली.

काका जिन्यातच उभे होते. त्यांना बिचारीची दया आली आणि, खरं सांगायचं तर, जरा बरंही वाटलं, की आपल्याला कुणी काही विचारलं नाही. मग जागेवर येऊन, नुसती खात्री करावी म्हणून, त्यांनी आपली फाइल उघडली.

तिथं लिहिलं होतं ३००००.

वरच्याच ओळीत दुसरा एक ऑप्शन होता, पाठवलेल्याची पोच किती वेळात यायला हवी त्याचा. तो मोजायचा मिलिसेकंदात, म्हणजे तीस सेकंदांचे तीस हजार. बरोबर. त्याच ओघात काकांनी खालीही तेच ठोकलं होतं. पण खालचा ऑप्शन सेकंदात मोजतो. तीस हजार सेकंद म्हणजे आठ तास वीस मिनिटं! तपासणीत कसं सापडलं नाही? कारण तपासताना काका पेटी नेहमी शहाण्यासारखी, बटण दाबून बंद करायचे. ती निरोप घ्यायची, दिवा लगेच लाल.

ते दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. पण गप्प राहावं की बोलावं, हे मात्र गुरुवार रात्रीच्या जेवणापर्यंत ठरेना. काकूंनी तिसऱ्यांदा भाजी वाढायला पळी पुढे केली तेव्हा सगळं बाहेर आलं.

"अहो, मग सांगून टाका."

"अगं, यंदाचं प्रमोशन राहू दे, नोकरीवर येईल."

"तीस हजार नुसते लिहिलेतच ना? खाल्ले तर नाहीत?"

"तुला चेष्टा सुचतेय."

"मग काय करू? तीन दिवस तुम्ही माझ्याशी बोलताय ते ताटाकडे बघून. ती तिच्या घरी कुणाकडे बघत असेल?"

शुक्रवारी काकांनी साहेबांसमोर पेटीचा प्लग उपटून दाखवला. आधी जुना आकडा. दिवा ढिम्म हिरवा. मग नवा. मिनिटभरात लाल. काकांचं प्रमोशन गेलं, आणि इथून पुढं त्यांची एकही ओळ दुसऱ्यानं वाचल्याशिवाय प्रोग्राममध्ये चढणार नाही असं ठरलं. दिवेवालीला सन्मानानं बोलावणं गेलं.

सोमवारी काका माफी मागायला कंट्रोल रूममध्ये गेले.

"माफीचं काय लोणचं घालू?" दिवेवाली म्हणाली. "बसा इथं."

"मी?"

"तुम्हीच. एक पाळी. उठायचं तर दुसऱ्याला बसवून."

बसले. तीनशे दिवे. तासाभरात डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती मागं खुर्ची टाकून निवांत चहा पीत होती. साडेअकराला एक दिवा लाल झाला आणि काका ताडकन उभे राहिले.

"नाचताय काय? फोन लावा."

वॉचमननं पंखा लावायला प्लग काढला होता. परत लावायला लावलं, लिफ्ट रिकामी असल्याची खात्री केली, दिवा हिरवा झाला. काकांनी वहीत नोंद केली. दिवेवालीनं वही ओढून घेतली आणि बोट ठेवलं.

"लाल, चार. चार काय? तास, मिनिटं, का तुमचं ते हजारातलं?"

काकांनी पेन घेतलं आणि चारपुढं मोठ्या अक्षरात लिहिलं, मिनिटं.