डीपीचे पहारेकरी

देवानं माणसाला चेहरा दिला तो मोबाइलमधल्या गोल चौकटीत बसवण्यासाठीच, खाणं-बोलणं-रडणं ही त्या चेहऱ्याची फावल्या वेळातली कामं, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या सातारा-सांगलीत एकच आहे आणि दुर्दैवानं तो माझा साडू आहे. दुर्दैवानं अशासाठी की साडू निवडता येत नाही. बायको निदान पाहून तरी करतात. साडू तिच्याबरोबर आयता येतो. आमचे हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान. विट्याच्या पलीकडच्या एका कोरडवाहू गावचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता सांगलीला विश्रामबागेत घर बांधून राहिलेले. नोकरीची शेवटची वर्षं एका छावणीच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्यांची ओळखपत्रं तपासण्यात गेली. नोकरी सुटली, पण सवय काही सुटली नाही. घरी दूधवाला आला तरी साडू आधी त्याचं तोंड नीट न्याहाळतात आणि मगच पातेलं पुढे करतात.

असा माणूस आपल्या फाटकाच्या आत गप्प बसला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण एका लग्नानंतर कुणा उत्साही भाचीनं दोन्हीकडच्या नातेवाइकांचा ‘आपली माणसं’ नावाचा ग्रुप काढला, हाताला लागतील तेवढे नंबर त्यात कोंबले आणि वयाचा मान म्हणून साडूंना अ‍ॅडमिन केलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास म्हणतात, तसं झालं. दुसऱ्याच दिवशी नियम आले. प्रत्येकाचा डीपी स्वतःचाच हवा. समोरून काढलेला, दोन्ही डोळे उघडे आणि चालू वर्षातला. फुलं, देव, बाळं, गाड्या आणि सूर्यास्त चालणार नाहीत. नावापुढे गाव लिहावं. खाली एक वाक्य होतं: “ज्याचं तोंड दिसत न्हाई त्याच्याशी बोलणं म्हंजी भिताडाशी बोलणं.”

माझ्या डीपीला त्या वेळी अजिंक्यतारा होता. आम्ही साताऱ्याचे, घराच्या गच्चीवरून गड दिसतो, पावसाळ्यात तर फार देखणा दिसतो. सकाळी दात घासत होतो तोच साडूंचा फोन.

“पाव्हणं, तुमी डोंगर हाय काय?”

मी म्हटलं, “अहो, आमच्या घरातून दिसतो तो.”

“घरातनं दिसतंय त्ये लावायचं आसंल तर शेजाऱ्याचा फोटो लावा की!”

मी माझा एक जुना, केस असलेला फोटो शोधून लावला. पुन्हा फोन. “ह्यो पोरगा कोण? त्याला सांगा, तुमच्या जागी उभा राहू नगं म्हणून.” तिसरा फोटो एक डोळा अर्धवट मिटला म्हणून परत आला. अखेर बायकोनं गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांपुढे उभं करून माझा फोटो काढला. त्यात मी नुकताच पकडलेल्या भुरट्या चोरासारखा दिसतो. साडूंनी तो ताबडतोब पास केला. गेली कित्येक वर्षं सारी सोयरीक मला त्याच अवस्थेत ओळखते.

माझी एकट्याची ही गत असती तर मी सोसलं असतं, पण साडूंच्या फाटकातून कुणीच सहज सुटलं नाही. माझ्या धाकट्या मेहुणीनं गुलाब लावला होता, तिला विचारलं, “बाई, तुमास्नी कोनच्या कुंडीत लावू?” एका चुलत सासूबाईंनी खंडोबा लावला होता. तिथं तरी साडू नमतील असं आम्हाला वाटलं. साडूंनी आधी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि मग लिहिलं, “देवाचा मान मोठा. पण देव आपल्या ग्रुपचा मेंबर न्हाई.” नव्या सुनेनं मोबाइलमधल्या करामती वापरून चेहरा असा काही उजळवला होता की नाकाच्या जागी नुसती दोन भोकं उरली होती. तिला सगळ्यांसमोर लिहिलं, “सूनबाई, लग्नात तुमी गव्हाळ हुता. आता मैदा कशापायी?” पोरगी चार दिवस रुसली, पण पाचव्या दिवशी गव्हाळ होऊन परत आली. पुण्याचा एक जावई तर, लग्न होऊन सत्यनारायणही आटोपला, तरी ग्रुपच्या वेशीबाहेरच ताटकळला होता, कारण आपल्या आजीचं माहेर कुठलं हे त्या बिचाऱ्याला सांगता येईना.

दुसऱ्याला शिस्त लावणारी माणसं स्वतः ती पाळत नाहीत, असा आपला अनुभव असतो. साडूंनी तेवढीही सोय ठेवली नाही. ते रोज सकाळी न चुकता स्वतःचा ताजा फोटो ग्रुपवर टाकतात आणि खाली ‘हजर’ असं लिहितात. गिरणीत दळणाच्या डब्याशेजारी साडू, एसटी स्टँडवर साडू, अर्धी दाढी झालेले साडू, दाताच्या डॉक्टरकडे आ वासलेले साडू. हा शेवटचा फोटो इतका सखोल होता की नाश्त्याला बसलेल्या आमच्या घरानं त्या दिवशी पोहे अर्धे टाकले. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं, तेव्हा साडूंनी खाटेभोवती सगळ्यांना उभं केलं, आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांनाही रांगेत घेऊन म्हणाले, “सायेब, मास्क जरा खाली घ्या. उद्या लोकं इचारतील, कापलं कुणी?” डॉक्टर भले होते. त्यांनी मास्क खाली घेतला आणि गावाचं नावसुद्धा सांगितलं.

आम्ही त्यांना हसत होतो आणि त्याच वेळी बिघडतही होतो, हे लिहिलं पाहिजे. फोटोच्या नियमावर सगळ्यांनी कुरकुर केली आणि सगळ्यांनी गुपचूप कपाटातले नवे कपडे बाहेर काढले. माझी बायको डीपीसाठी साडी बदलू लागली. घरात कुणी आजारी पडलं की आधी सलाइनचा फोटो जाई, मग औषधाची चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात जाई. कुणाकडे सांत्वनाला गेलं तरी निघताना दारात उभं राहून गंभीर चेहऱ्यानं एक फोटो व्हायचाच. तो कितीही गंभीर असला तरी त्यावर चार-दोन अंगठे येत.

अशा या कडेकोट ग्रुपमध्ये एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. सगळ्या चेहऱ्यांच्या गर्दीत एक गोल राखाडी होता. त्यात फोटो नाही, पुढे नाव नाही, गाव नाही. तो नंबर कधी काही लिहीत नसे, कुणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा देत नसे. गुलाब हटला, खंडोबा हटला, माझा गड हटला, पण हा राखाडी गोल होता तिथंच होता आणि साडूंनी त्याला कधी हटकलं नव्हतं. मी एकदा बायकोजवळ विषय काढला, तर ती म्हणाली, “त्याला हात लावू नका. ते दाजींचे थोरले भाऊ आहेत.”

मग तिनं सगळं सांगितलं. साडूंची आई गेली तेव्हा साडू सरहद्दीवर होते. तार पोचून, रजा मिळून, रेल्वे आणि एसटी करत ते गावी येईपर्यंत सगळं उरकलं होतं. दिवस उन्हाळ्याचे, गावात थांबलेल्या भावानं तरी किती वाट पाहायची? साडू म्हणाले, “आईचं तोंड तरी बगू द्यायचं हुतंस, दादा.” भाऊ म्हणाला, “तू येळंवर यायचं हुतंस.” दोघंही खरंच बोलले आणि तिथून त्यांचं बोलणं बंद पडलं. आता लग्नकार्यात दोघं एका पंगतीला बसतात, पण मध्ये दोन-तीन माणसं ठेवून. आणि घरात बघायला आईचा एकही फोटो नव्हता. रानात राबणाऱ्या बाईचा फोटो काढावा असं त्या काळी त्या गावात कुणाच्या मनातसुद्धा येत नसे. साडूंचे स्वतःचे मात्र फौजेतले फोटो भिंतभर होते. हे ऐकल्यापासून मला त्यांच्या नियमांची चेष्टा करवेना. म्हणजे केली, पण कमी केली.

तो राखाडी गोल असाच सुखानं राहिला असता, पण साडूंच्या एका चुलत पुतण्यानं घोळ घातला. हा पुतण्या दूर दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान चालवतो, विट्याकडची पुष्कळ माणसं चालवतात तसं. त्यानं डीपीला जबडा वासलेला वाघ लावला होता. साडूंनी “जंगलात ऱ्हातोस काय रं?” म्हणून त्याला ग्रुपबाहेर काढलं आणि त्यानं स्वतःचं तोंड लावल्यावर परत घेतलं. गडी मनातून दुखावला होता. मी आणि बायको विश्रामबागेत साडूंकडे जेवायला गेलो होतो, नेमक्या त्याच दुपारी त्याचा मेसेज आला: “वाघ काडला, काय बी म्हनलो न्हाई. पर त्यो राखाडी गोल कुनाचा? नियम समद्यांस्नी सारका न्हवं का?”

ग्रुपवर एरवी एका वांग्याच्या फोटोखाली पंचवीस माणसं बोलतात. त्या मेसेजखाली कुणीही बोललं नाही. साडूंच्या हातातला घास हातातच राहिला. अक्का भाकरी वाढता वाढता म्हणाल्या, “आवं, त्याच्यावर रागावून काय हुनार? पोरगं खरं बोलतंय. काडून टाका, न्हाईतर एकदा इचारा तरी भावजींस्नी.”

“काडला तर त्यो मला बगणार कसा?” साडू म्हणाले.

साडू ताटाकडे पाहत सांगू लागले, “सकाळी मी फोटो टाकला की सगळ्यात आदी त्योच बगतोय. कुनी बगितलं त्ये कळतंय ह्यात. एक दिस मला ताप हुता, फोटो टाकला न्हाई, तर गावातनं दुसऱ्याच्या हाती चौकशी आली. मी हाय का न्हाई, एवढं त्याला कळतंय. पर त्यो कसा दिसतोय आता, त्ये मला म्हाईत न्हाई. पंगतीत नीट मान वळवून बगता येत न्हाई, पाव्हणं.”

म्हणजे गिरणी, एसटी स्टँड, दाताचा डॉक्टर, हे सगळं आम्हा साठ-सत्तर माणसांना उगाचच दिसत होतं. ते एकाच माणसासाठी होतं. मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला, कारण इतकं प्रेम असलेली दोन शहाणी माणसं इतकी वर्षं इतकी गाढवासारखी वागू शकतात.

साडूंनी हात धुतले, चष्मा लावला आणि एका बोटानं लिहायला घेतलं. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी ग्रुपवर एवढंच आलं: “दादा, फोटो लाव.” आईच्या दहाव्यानंतर भावाला उद्देशून त्यांनी काढलेले हे पहिले शब्द, आणि तेसुद्धा सगळ्या भावकीसमोर. नंतर त्यांनी फोन टेबलावर पालथा घातला, सुलटा केला, पुन्हा पालथा घातला. “न्हाई लावला तर काडावा लागंल,” ते स्वतःशीच म्हणाले. “नियम मीच केलाय.” चहा झाला. अक्कांनी आम्हाला निघू दिलं नाही, आणि आम्हालाही निघवत नव्हतं.

ऊन उतरता उतरता फोन वाजला. राखाडी गोलाकडून फोटो आला होता. डीपी कसा लावतात हे थोरल्यांना माहीत नसावं, म्हणून तो सरळ ग्रुपवरच टाकला होता. आणि फोटो तरी कसा, तर निम्म्या भागात स्वतःचाच अंगठा, वर भगभगीत आभाळ, आणि कोपऱ्यात एक कान. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड तर नाहीच. खाली पुतण्याची हसणारी तोंडं उमटली आणि लगेच पुसलीही गेली.

साडूंनी दोन बोटांनी तो कान मोठा केला. फोन जवळ धरला, लांब धरला. पाळी लांब होती आणि टोकाशी जरा आत वळलेली.

“आईचा कान हाय,” साडू म्हणाले. “असाच हुता. अगं, मी इसरलोच हुतो, असा हुता त्यो!” आणि हा फाटकावरचा हवालदार आमच्यासमोर ढसाढसा रडला. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, बायकोनं माझा रुमाल ओढून घेतला आणि मला डोळे पुसायला टेबलावरचा रद्दी पेपर उरला. सावरल्यावर साडूंनी फोटोखाली लिहिलं, “मंजूर.”

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला परतलो होतो. सकाळी साडूंचा फोटो आला, पण त्यात ते बाजूला तोंड करून उभे होते आणि आम्हाला दिसत होता तो नुसता त्यांचा कान. ‘तुमचा फोटो वाकडा आलाय’ असं दोघा-तिघांनी कळवलं. सूनबाईंनी नीट कसा काढायचा तेही समजावून सांगितलं. मग खाली राखाडी गोलाकडून त्याच्या आयुष्यातला पहिला लिहिलेला मेसेज आला: “तुजा आबाचा हाय.”

आबा म्हणजे त्या दोघांचे वडील. त्यांचाही फोटो कुणी काढलेला नाही.