हनुवटीवरचा पदर

नगरच्या दवाखान्यात मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होते. श्रीगोंद्याकडची एक बाई बाळंतपणाला आली. कळा सुरू झालेल्या, अंग घामानं निथळतंय, तरी एका हातानं तिनं पदर हनुवटीवर गच्च धरून ठेवलेला. तोंड पुसायला म्हणून मी पदर बाजूला केला तर खालची कातडी भाजलेली. हनुवटीवर केस यायचे, ते जावेत म्हणून कुणीतरी सांगितल्याप्रमाणे तिनं हरताळाची पूड आणि चुना कालवून लावला होता. "शिष्टरबाई, आत डाक्टर येत्याल का वो?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. कळांपेक्षा तिला त्याची धास्ती जास्त होती.

अशा बाया त्याआधीही मी पाहिल्या असणार, पण डोळ्यांत भरली ती ही. पुढं एका ट्रेनिंगसाठी मुंबईला गेले, तेव्हा तिथं एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे विजेचं एक यंत्र पाहिलं. पेशंटनं ओल्या कापसात गुंडाळलेली एक धातूची कांडी हातात धरायची. बारीक सुई केसाच्या मुळाशी सरकवायची आणि पायानं बटण दाबायचं. जरासा करंट जातो, मुंगी चावल्यासारखं होतं, आणि चिमट्यानं धरला की केस मुळासकट अलगद बाहेर येतो. एका वेळी एकच केस. बाई वयस्कर होत्या, दवाखाना बंद करायच्या विचारात होत्या. मी सुटीच्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन हात बसवला आणि शेवटी ते यंत्रच मागून घेतलं.

नोकरी सोडून हेच काम करते म्हणून मी वडिलांना सांगितलं. मिशनच्या शाळेत त्यांनी जन्मभर मास्तरकी केली होती; शब्द मोजून वापरायची सवय. ते म्हणाले, "दवाखाना म्हण, नाहीतर सौंदर्याचं दुकान म्हण. दोन्ही एकत्र म्हणालीस तर लोकांना कळायचं नाही."

"नगरमध्ये नाही काढत," मी म्हणाले. "श्रीगोंद्याला काढते."

"मग तर मुळीच कळायचं नाही."

श्रीगोंद्याला बाजारपेठेच्या मागच्या बाजूला एक खोली मिळाली. पेंटरला मी 'त्वचा व केस उपचार' एवढंच लिहायला सांगितलं होतं. त्यानं आपल्या मनानं शेजारी एका बाईचा चेहरा आणि गुलाबाचं फूल काढलं. समोरच्या हॉटेलात बसणाऱ्या पुरुषांना बोलायला विषय झाला. पहिले काही आठवडे माझ्याकडे आल्या त्या फक्त खरूज-नायट्याच्या बाया. त्यांना मी मलम द्यायची, आणि घरी ग्लिसरीन आणि गुलाबपाणी घालून बनवलेलं पायांच्या भेगांचं औषध. ते औषध मात्र चालायला लागलं. यंत्र कोपऱ्यात कापडाखाली झाकून होतं.

मग हळूहळू पदर धरलेल्या बाया येऊ लागल्या. बाजाराच्या दिवशी यायच्या, कारण त्या दिवशी गावाबाहेर पडायला कारण लागत नाही. आधी भेगांचं औषध मागायच्या, घेऊन दारापर्यंत जायच्या आणि तिथून मागं वळून विचारायच्या, "त्ये मशीन कशाचं हाय?"

अशीच एक आई आपल्या पोरीला घेऊन आली. काष्टीच्या बाजूचं गाव, शेतकरी कुटुंब. पोरगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल, अंगानं थोराड, डोळे फार सुंदर. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं आणि सासरच्यांनी माहेरी आणून सोडली होती. गालांच्या कडेनं, हनुवटीखाली आणि गळ्यावर दाट राठ केस. वस्तऱ्यानं खरवडून खरवडून कातडी निळसर पडलेली.

"सासू म्हंती, तोंड साफ झालं की धाडा," आई म्हणाली. "तवर न्हाई. जावई गरीब हाय, पर त्याचं काय चालत न्हाई."

मी नर्स होते. असे केस नुसते कातडीचे नसतात, एवढं मला माहीत होतं. म्हणून मी पोरीला विचारलं, "पाळी येते का वेळेवर?"

पोरीनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "येती की. येळच्या येळी येती."

मी पुन्हा पोरीलाच विचारलं. ती जमिनीकडे पाहत म्हणाली, "येती."

काम सुरू झालं. दर बाजाराला ती यायची, खुर्चीत मान मागं टाकून बसायची आणि हातातली कांडी घट्ट धरायची. दुखत होतं, डोळ्यांच्या कडांतून पाणी यायचं, पण थांबा म्हणून कधी म्हणाली नाही. मी तिला बोलतं ठेवायची. नवऱ्याविषयी तिला बोलायला आवडायचं. त्यानं तिच्यासाठी बाजारातून चोरून काचेच्या बांगड्या आणल्या होत्या, आणि सासू ओरडेल म्हणून त्या गोठ्यातच तिच्या हातात भरल्या होत्या. हे सांगताना ती हसली, आणि हसताना तोंड हललं म्हणून मला सुई बाहेर काढावी लागली.

ते दुष्काळाचं साल होतं. पाऊस झालाच नव्हता. वीज यायची आणि जायची, आली तरी तिचा जोर इतका कमी की यंत्राचा दिवा नुसता लाल व्हायचा. गावातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला मी यंत्र दाखवलं. त्यानं दोन दिवस खटपट करून ते रेडिओच्या सेलवर चालतं केलं. मला तेव्हा केवढा आनंद झाला! वाटलं, आता कशाची अडचण नाही.

पण केस पुन्हा येत होते. उपटलेल्या मुळातून नव्हे, त्याच्या शेजारून नवे. मी एका बाजूनं साफ करत जायची आणि दुसरीकडून ते उगवत यायचे. त्यात तिचं येणंही थांबलं. दोन बाजार गेले, तिसरा गेला. मी चौकशी केली तर कळलं, घरातली सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात.

एका सकाळी मी तिथं गेले. रस्त्याच्या कडेला लांबपर्यंत बाया बसलेल्या, प्रत्येकीपुढं दगडांचा ढीग. धुळीनं सगळ्यांची तोंडं पांढरी झालेली. कोण कोणत्या घरातली ते ओळखू येत नव्हतं. तिनंच मला हाक मारली. ज्या जागांवर मी सुई चालवली होती तिथं घाम आणि धूळ जाऊन बारीक पुटकुळ्या उठल्या होत्या, काही पिकल्या होत्या.

"अगं, उन्हात आणि धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"मंग कुटं जायचं?" तिनं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

आई लांब पाण्याच्या टँकरपाशी होती. पोरगी हातोडी खाली ठेवून हळूच म्हणाली, "बाई, मला पाळी येत न्हाई. चार-चार म्हैने येत न्हाई. आईनं सांगू नगं म्हून बजावलं हुतं. त्येंना कळलं तर मला कायमची टाकत्याल."

मी तिच्या आईला काहीच बोलले नाही. बोलून काय उपयोग होता? तिनं जे लपवलं ते पोरीसाठीच लपवलं होतं. मी दोघींना घेऊन पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की शरीरातल्या ग्रंथींचा बिघाड आहे. पाळी नाही आणि केस आहेत, दोन्हीचं मूळ एकच. पुरतं बरं करणारं औषध नाही. पाळी नियमित करायच्या गोळ्या दिल्या तर नवे केस कमी येतील, पुढं गोळ्या थांबवल्यावर कदाचित मूलही होईल. 'कदाचित' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. पोरीला मी तो एकदाच सांगितला.

गोळ्या गुणकारी ठरल्या. पाळी येऊ लागली. खडीचं काम सुटल्यावर तिची कातडी निवली, मी पुन्हा सुई धरली, आणि या खेपेला साफ केलेली जागा साफ राहू लागली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिच्या तोंडावर जवळून पाहिलं तरच दिसतील अशा खुणा उरल्या. त्यांवर लावायला मी तिच्या रंगाशी जुळणारं एक मलम कालवून दिलं. तिनं आरशात पाहिलं. आरसा उलटा ठेवला, पुन्हा उचलला.

दिवाळीनंतर नवरा स्वतः न्यायला आला. आई-मुलगी मला सांगायला आल्या, सोबत गूळ घेऊन. मी तिला बजावलं, गोळ्या चुकवू नकोस, आणि संपायच्या आत निरोप धाड. तिनं गोळ्यांचं पाकीट लुगड्याच्या घडीत ठेवलं.

दोन-अडीच महिने गेले असतील. एका दुपारी तिची आई एकटीच आली आणि उंबऱ्यातच खाली बसली.

"आनून सोडलं पुन्यांदा," ती म्हणाली. "गोळ्या घावल्या त्येंना."

सासूला पेटीत पाकीट सापडलं होतं. तिनं ते गावातल्या कंपाउंडरला दाखवलं. तो म्हणाला, ही मूल होऊ नये म्हणून खायची गोळी आहे. आणि त्यात तो खोटं काही बोलला नव्हता. त्या गोळ्या त्याच होत्या. बाया त्या मूल होऊ नये म्हणून घेतात. हिला दिल्या होत्या त्या पुढंमागं मूल व्हावं म्हणून. हे त्या गावात कोण कुणाला समजावणार?

मी दुसऱ्याच दिवशी तिच्या सासरी गेले. नदीकाठचं उसाचं गाव. सासूनं मला ओट्यावर घोंगडं टाकून बसवलं, पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. मी वाटेत सगळं मनात घोळवून ठेवलं होतं. ग्रंथी म्हणजे काय, पाळी का येत नव्हती, गोळ्या काय करतात, हे शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही.

मग म्हणाली, "म्हंजी तिला आधीपासून पाळी येत न्हवती."

पोरीला सोडवायला म्हणून मी जे सांगितलं, त्यातून तिच्याविरुद्धच आणखी एक गोष्ट मी त्या ओट्यावर ठेवली होती. न सांगता दुसरं काही समजावता येत नव्हतं.

"आता येते," मी म्हणाले. "औषध पुरतं घेऊन मग थांबवलं की मूल होईल."

"होईल? लिवून द्याल?"

"तसं कुणीच लिहून देऊ शकत नाही, मावशी."

"मंग?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "बाई, तुमी शिकल्याल्या. तुमी वंगाळ करनार न्हाई, मला पटतंय. पर गावात समदीकडं झालंय की सून गोळ्या खाती. एकुलता पोरगा हाय माजा. मी कुनाकुनाचं त्वांड धरू?"

चहा आला. तो मी प्यायले. नाही म्हणायचं सुचलंही नाही.

नवरा गोठ्यापाशी उभा राहून सगळं ऐकत होता. मी निघाले तेव्हा यष्टीच्या थांब्यापर्यंत माझ्यासोबत चालत आला. बुजरा, सडपातळ माणूस. गाडी दिसल्यावर एवढंच म्हणाला, "तिला म्हनावं, माजा राग न्हाई." मी म्हटलं, "मग घेऊन या ना तिला." त्यानं मान खाली घातली. कंडक्टरनं घंटी मारली.

त्या उन्हाळ्यात त्याचं दुसरं लग्न झालं. माहेरच्यांनी गोळ्या बंद केल्या. त्या घरात आता त्या पाकिटाला कुणी हात लावत नव्हतं, जणू सगळं त्यानंच केलं. केस परत आले. मी दोनदा तिच्या घरी गेले, यंत्र घेऊन इथंच येते म्हणाले. भावानं नम्रपणे नको म्हटलं. बहिणीमागं आणखी दोन बहिणी लग्नाच्या होत्या आणि माझं नाव आता त्या गोळ्यांशी जोडलं गेलं होतं. श्रीगोंद्यातही बाया कमी झाल्या. ज्या आल्या त्या म्हणायच्या, "सुई चालंल, बाई, पर गोळी नगं." ज्यांना गोळीची खरी गरज होती त्यांचे केस मी नुसते उपटत राहिले.

पुढं मी नगरला आले. तिथं माझं काम वाढलं, हाताखाली दोन मुली आल्या, नवी यंत्रं आली. आई मुलीला घेऊन आली की मी आधी आईला बाहेर बसवायची. मुली खरं सांगायच्या. खरं कळल्यावर माझ्या हातात फार काही असायचं असं नाही.

श्रीगोंदा सोडण्याआधी काष्टीच्या बाजारात ती मला एकदा दिसली होती. भावाच्या मळ्यातली मेथी घेऊन बसली होती. पदर हनुवटीवरून मागं बांधलेला, दात दुखत असल्यासारखा. मला पाहून उठली, हात झटकले. "बऱ्या हाय का, बाई?" म्हणाली. मी बरी आहे म्हटलं. मेथी कशी दिली म्हणून विचारलं. तिनं पैसे घेतले नाहीत, दोन जुड्या पिशवीत टाकल्या. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं, मग तिसरं. ती त्यांच्याशी बोलायला लागली, आणि मी जरा वेळ तिथं उभी राहून निघाले.