बरुआसागरचं कुंपण

ह्यांनी नागपूरला दुसरा संसार थाटल्याची बातमी माझ्या चुलतदिरांनी आणली. नोकरीच्या निमित्ताने हे दोन वर्षं तिकडे होते. दीर ओसरीत उभ्यानेच बोलले आणि पाणीही न घेता निघून गेले. सासूबाई देवापुढे जाऊन बसल्या. चुलीवर भात होता, तो मी उतरवला. वेळ झाली तशी पानं घेतली आणि सासू-सासरे आणि मी, आम्ही तिघं जेवलो. मला रडू आलं नाही. पुढच्या दिवसांतही नाही. घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मग एका सकाळी मामंजी म्हणाले, "सूनबाई, उद्या बरुआसागरला चल. कुंपण बदलायचंय."

मामंजी म्हणजे माझे सासरे. रेल्वेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. बरुआसागरला तळ्यापलीकडे आमची थोडी जमीन होती, बटाईने दिलेली. तिला बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. त्याला वाळवी लागायची, ते बसायचं आणि मोकाट गुरं मटारात शिरायची. मामंजींनी रेल्वेच्या लिलावात रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर घेऊन ठेवले होते. ते उभे पुरून त्यांना काटेरी तार ताणायची, असं कधीपासून चाललं होतं. हे सुट्टीवर आले की करणार होते.

आम्ही पॅसेंजरने गेलो. मी खिडकीशी बसले होते आणि कोळशाची कणी डोळ्यात गेली तरी तशीच बसून राहिले. मामंजींनी उठून खिडकी लावली.

शेतावर बटाईदार आणि त्याची बायको जुने काटे ओढून ढीग घालत होते. मामंजींनी दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते पार बांधापर्यंत गेले. तिथून ओरडले, "हलू नकोस!" मी हलले नाही. ते काम मला सोपं वाटलं. दोरीच्या रेषेत खड्डे खणले गेले, एकेक स्लीपर उभा राहिला. उन्हाने त्यांतलं डांबर वास मारायला लागलं होतं.

दुपारी झाडाखाली भाकरी खाताना बटाईदाराची बायको तिकडच्या हिंदी बोलीत मला म्हणाली, "बहूजी, भैया कबै आहें? जौ काम तौ उनको हतो."

हे कधी येणार, काम तर त्यांचं होतं, असं ती विचारत होती. मी घास चावत राहिले. मामंजी म्हणाले, "अब नहीं आएँगे. उन्होंने वहीं घर बसा लिया है."

ते मोठ्याने बोललेलं मी दुसऱ्यांदा ऐकत होते. दुसऱ्या कुणाच्या घरातली हकिकत असावी तसं वाटलं. ती बाई माझ्याकडे बघत राहिली, मग तिने एक कांदा फोडून माझ्यापुढे ठेवला.

जेवण झाल्यावर मामंजींनी विचारलं, "फाटक कुठे ठेवू?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"तुला विचारतोय. ही जमीन तुझ्या नावावर करणार आहे. तुझ्या सासूशी बोलून झालंय."

"मामंजी, मला ह्यातलं काही कळत नाही."

"शिकशील. नाहीतर विकून माहेरी जाशील, तेही चालेल. पण फाटक आज ठरायला हवं."

माझं तोंड विहिरीकडे होतं, म्हणून मी विहिरीकडे बोट दाखवलं. ती जागा सखल, हे मला नंतर कळलं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल होतो आणि बैलगाडी हमखास रुतते. मामंजींना ते ठाऊक असणारच. पण त्यांनी तिथेच खूण केली.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "झालं का?"

"दोन बाजू झाल्या," मामंजी म्हणाले.

उरलेल्या दोन बाजूंसाठी आम्ही पुन्हा गेलो. नंतर पेरणीला गेलो, मटार तोडायला गेलो. मी माहेरी गेले नाही. तसं ठरवलं असं नाही, दर वेळी शेतावर काहीतरी निघायचं. हे परत आले नाहीत.

रडू मला पुढच्या उन्हाळ्यात आलं, बरुआसागरच्या स्टेशनावर. आम्ही फलाटावर पोचलो आणि गाडी समोरून सुटली. एवढंच झालं होतं. मी बाकावर बसले आणि मला थांबता येईना. मामंजी शेजारी बसले. दुसरी गाडी येईपर्यंत ते रुळांकडे बघत होते.