चिकाचे हात

"परत धुऊन ये," मॅडम म्हणल्या.

तिसऱ्यांदा. नांदेडच्या एका मोठ्या कॉलेजात कोडिंग डे होता. आमच्या अर्धापूरकडच्या झेडपी शाळेतून आम्ही सहा लेकरं सरांसंगं गेलो होतो. कॉम्प्युटर रूमच्या दारात तिथल्या मॅडमनी आमचे हात बघितले. फकस्त आमचे. शहरातल्या शाळेची पोरं तशीच आत गेली.

माझ्या बोटांवर केळीचा चीक होता. ज्यानं केळी तोडली न्हाई त्याला हे कळायचं न्हाई. घड कापला की पाण्यासारखा चीक गळतो अन् वाळला की काळा पडतो. कपडा फाटंल, पण डाग जायचा न्हाई. आई दुसऱ्याच्या मळ्यात घड तोडायला जाते, सुट्टीच्या दिवशी मी बी जायची. कोडिंग डे हाय म्हणून आईनं आदल्या दिवशी राख लावून, लिंबू लावून माझी बोटं घासली. कातडं सोललं, चीक गेला न्हाई.

"मॅडम, हा मळ न्हाई, चीक हाय," म्हणले मी.

"ते काही असो. कीबोर्ड नवीन आहेत. तू मागे बस. नुसतं बघ."

नुसतं बघ! नववीत होते मी. शाळेत एकच कॉम्प्युटर, तो बी लाईट असली तर. आमच्या विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहून लिहून पायथन शिकवलं. मी वहीत प्रोग्राम लिहायची अन् मनातच चालवायची. एकदा, एकदाच, माझा प्रोग्राम माझ्या हातानं खऱ्या मशीनवर चालवायचा होता. दुसरं काय बी नको होतं मला.

काम असं होतं. लंबकाची लांबी द्यायची, एक झोका पुरा व्हायला किती वेळ लागतो ते प्रोग्रामनं सांगायचं. मग शेजारच्या फिजिक्स लॅबमध्ये जाऊन खरा लंबक मोजायचा. माझ्या पुढच्या खुर्चीत शहरातला एक मुलगा होता. वाईट नव्हता तो, खोटं कामून बोलू. त्याला सूत्र येत नव्हतं. त्यानं मागं वळून हळूच विचारलं, मी वही पुढं केली. मी सांगायची, तो टाईप करायचा.

उत्तर आलं वीस सेकंद. लॅबमध्ये गेलो तर लंबक दोनच सेकंदात जाऊन आला. मला तिथं बी दोरीला हात लावू दिला न्हाई. मुलगा म्हणला, "मशीनच खराब आहे."

"मशीन न्हाई. तू लांबी सेंटिमीटरमध्ये टाकलीस. लांबीला शंभरनं भाग, मीटर कर."

त्यानं भागलं. दोन आले. मॅडमनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् मान खाली घातली. मी बी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांची लाज मला आजून वाटते.

मग पेपरवाला आला. फोटोत खेड्यातली पोरगी पाहिजे होती. मॅडमनी मला दंडाला धरून त्या मुलाच्या खुर्चीत बसवलं. "बोटं कीबोर्डवर ठेव. आणि हस जरा."

समोर माझा प्रोग्राम. वर नाव त्या मुलाचं. लई वाटलं, लावावं बोट. हात उचलला बी होता मी.

"मॅडम," मी म्हणले, "आता चालतेत का माझे हात?"

आमचे सर पुढं आले. "बस की माय, फोटोच तर हाय." मी उठले अन् बाहेर जाऊन पायरीवर बसले. आतून मॅडमचा आवाज आला, "उद्धट आहे मुलगी."

दुसऱ्या दिवशी सर म्हणले, माफीचं पत्र लिहून दे. "पुढच्या साली आपल्याला बोलावणार न्हाईत ते. बाकीच्या लेकरायचं काय?" सरांचा राग आला न्हाई. त्यांनीच तर शिकवलं होतं.

घरी आईला सगळं सांगितलं. आई म्हणली, "लिहून टाक माय. मोठ्या लोकायसंगं वाकडं घेऊन आपलं भलं हुतं का?" अन् बोलता बोलता तिनं आपले हात पदराखाली घेतले. आपल्याच घरात, आपल्या लेकीसमोर. तवा मी रडले. कॉलेजात न्हाई रडले, तिथं रडले.

पत्र लिहिलं मी. त्यात अख्खा प्रोग्राम लिहिला, ओळीनं. खाली लिहिलं, हा माझा हाय. माझं नाव टाकलं. माफीचा शब्द टाकला न्हाई. सरांनी ते वाचलं, घडी केली, खिशात ठेवलं. पाठवलं का न्हाई, ते त्यांनी सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई.

पुढच्या साली शाळेला बोलावणं आलं न्हाई. सहावी-सातवीची लेकरं माझ्यामुळं राहिली. दोन मैत्रिणी बोलायच्या बंद झाल्या. ते माझ्या डोक्यावर हाय, मी झटकत न्हाई.

आता लातूरला अकरावीत हाय. परवा प्रॅक्टिकलला एक मुलगी म्हणली, "तू फक्त सांग ना, मी टाईप करते. तुला सवय नसेल."

मी सांगितलं न्हाई. आता कोणालाच सांगणार न्हाई. मशीनसमोर जागा दिली न्हाई तर काम वहीतच ठेवीन, वही घेऊन उभी राहीन, वर्ष गेलं तर जाऊ दे. दुसऱ्याच्या बोटानं माझं डोकं चालू देणार न्हाई.

"सरक," म्हणले मी तिला.